विहीणबाईंच्या फुलातली पिवळी पूड

"दम लागला असेल तर तसं सांग, देवबाई. पावलागणिक देवाचं नाव नको घेऊस. त्याला वाटेल, ही आजच यायला निघाली."

वन्सं हे मागे वळूनही न बघता बोलल्या. चढण संपत आली होती. पाण्याच्या टाकीमागून जाणारी ती पायवाट इतकी अरुंद, की दोघींनी शेजारी चालायचं म्हटलं तर एकीला भिंत घासावी लागे. म्हणून त्या पुढे आणि मी मागे. एका हाताला लोकांच्या घरांच्या पाठी, त्यांच्या वाळत घातलेल्या चादरी, मोडक्या खुर्च्या. दुसऱ्या हाताला उतार, आणि खाली आपलं सगळं गाव.

"बसनं आलो असतो तर एव्हाना पोचून पाणीसुद्धा प्यायलो असतो," मी म्हटलं.

"बस कुठं थांबते?"

"विहीणबाईंच्या दारात."

"आणि विहीणबाई कुठं बसतात?"

"बाल्कनीत."

"मग? कोण उतरलं, हातात काय होतं, हे बघायला बस कंपनीनं नेमल्यासारख्या बसतात. आपण दिसलो की तिथंच खुर्च्या मांडतील. आपण त्यांच्या झाडासमोर आणि त्या आपल्यासमोर. जमेल का मग काही? मागच्या दारानं गेलं की दार उघडायला त्यांना आत यावंच लागेल."

वन्सं म्हणजे आमच्या ह्यांची थोरली बहीण. मी सकाळी देवापुढे थोडा वेळ बसते, म्हणून त्यांनी लग्नानंतर लगेचच माझं नाव देवबाई ठेवलं. ते इतकं चिकटलं की पोस्टमनसुद्धा मला त्याच नावानं हाक मारतो. त्या दिवशी त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीत फेसपॅकची पूड होती, कापूस होता, टॉवेल होता, दोन काकड्या होत्या. आणि सगळ्यांच्या तळाला, धुतलेल्या रुमालात गुंडाळलेला, भुवया रंगवायचा कोरा ब्रश आणि काजळाची रिकामी डबी. त्या डबीसाठी तर ही सगळी पायपीट.

वन्संचं पार्लर त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत. दोन खुर्च्या, एक मोठा आरसा, केस वाळवायचं एक जुनं यंत्र आणि भिंतीला लागून बाक. मी गंमत म्हणून सांगत नाही, त्या बाकावर बसून आमच्या भागातली निम्मी लग्नं जुळली आणि काही मोडलीही. वन्संचा हात हलका, जीभ तिखट. भुवईचा दोरा ओढता ओढता त्या समोरच्या बाईकडून घरातलं सगळं काढून घेत, आणि बाई रडली तर म्हणत, "दोऱ्यानं रडली असं सांगायचं."

खिडकीत, जिथं सकाळचं कोवळं ऊन येतं आणि दुपारचं येत नाही, तिथं चक्री असे.

चक्री ही कोरफडच. पण परसातली, भाजल्यावर लावायची कोरफड नव्हे. हिची पानं एकाखाली एक अशी वळत जातात, की वरून पाहिलं तर गोल जिना उतरत गेल्यासारखा वाटतो. पहिल्यांदा बघणाऱ्याचं बोट आपोआप हवेत फिरायला लागतं. मी तर मनात हात जोडले होते. एवढी आखणी कुणी केली असेल, ते मला वेगळं सांगायला नको. ही उंचावरची, थंड हवेतली दुर्मीळ जात. आमच्या गावाची हवा तिला मानवली, एरवी उन्हाळा लागला की ती मान टाकते.

ती वन्संना एका म्हाताऱ्या माळीबुवांनी दिली होती. त्यांची बायको अंथरुणाला खिळलेली होती, आणि वन्सं महिन्याकाठी त्यांच्या घरी जाऊन तिचे केस कापून, धुऊन, विंचरून येत. ती गेल्यावर माळीबुवांनी काचघर मोडीत काढलं आणि ही कुंडी स्वतः उचलून पार्लरमध्ये आणून ठेवली. जाताना सांगितलं, "ही एकटी असली की फुलं येतात, पण बी धरत नाही. दुसऱ्या झाडाचे पराग लागतात. आणि दुसरं झाड म्हणजे हिच्याच बुडाचं पिल्लू चालत नाही. ते पिल्लू म्हणजे हीच. दुसऱ्या बीची, परक्या घरची हवी."

"म्हणजे आपल्यासारखंच की," वन्सं म्हणाल्या होत्या.

चक्री पिल्लं धरण्यात भलतीच कंजूष. इतक्या वर्षांत एकदाच तिच्या बुडाशी तीन पिल्लं आली, ती नेमकी माझ्या भाचीच्या, म्हणजे वन्संच्या लेकीच्या लग्नाच्या वेळी. वन्संनी ती सोडवून छोट्या कुंड्यांत लावून खिडकीत ठेवली. लग्नाच्या गडबडीत घर पाहुण्यांनी भरलं, रिकामं झालं, आणि मग बघतात तो तीनातली एक कुंडी गायब. उरलेली दोन पुढे कुजून गेली.

आणि मग, भाचीला सासरी जाऊन वर्ष होतंय न होतंय तोच, वन्सं तिला भेटायला गेल्या आणि विहीणबाईंच्या बाल्कनीत त्यांना काय दिसलं? चक्री.

"कुठून आणलीत?" वन्संनी विचारलं.

"नर्सरीतून," विहीणबाई म्हणाल्या. "लांबून मागवली. पेरलेल्या बियांची आहे, असं म्हणाला."

"कुठली नर्सरी?"

"बंद झाली ती."

झालं! त्या दिवसापासून वन्संनी खटला भरला, आणि न्यायाधीशही त्याच झाल्या. पार्लरमध्ये येणाऱ्या प्रत्येक बाईला, डोकं वाकवून खुर्चीत बसलेली असताना, ही कहाणी ऐकावीच लागे. डोक्याला शाम्पू लावलेली बाई पळून पळून कुठं जाणार? विहीणबाईंच्या कानावर हे गेल्याशिवाय कसं राहील? त्यांनी एकदा भर पाहुण्यांत शांतपणे सांगितलं, "माझं झाड उजवीकडे वळतं. त्यांचं डावीकडे. डोळे असणाऱ्यांनी बघावं."

वन्सं क्षणभरही थांबल्या नाहीत. "पिल्लू लहान असताना नेलं ना. तुमच्या घरात आल्यावर वळण बिघडलं असेल."

तेव्हापासून दोघी एकमेकींशी इतक्या गोड बोलायच्या की ऐकणाऱ्याचे दात दुखावेत.

आता या सगळ्यात ती काजळाची डबी कुठून आली, ते सांगते. पार्लरमध्ये बाकावर बसणाऱ्या बायकांना चक्रीची फार दया येई. एकीला वाटायचं, बिचारीला पाणी नाही. ती आपल्या बाटलीतलं ओतायची. ती गेली की दुसरीला तेच वाटायचं. असं सगळ्यांच्या पुण्याईनं चक्रीचा बुंधा कुजला. वन्संनी तिला उपटून, मऊ पडलेला भाग चाकूनं खरवडून, कोळशाची पूड लावून कोरड्या वाळूवर ठेवली. वर पाटी लावली, "पाणी घालणाऱ्याच्या भुवया काढल्या जातील, पूर्ण." पण मुळं काही परत धरेनात. आणि अशातच तिनं मधून एक जाड दांडा वर काढला, शेंदरी कळ्यांचा.

"मरताना झाड फुलतं ते उगाच नाही," वन्सं मला म्हणाल्या. त्या दिवशी त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. "ती मला सांगतेय, आता तू तुझं बघ. पिल्लू नाही हिला. बी मिळालं नाही तर हिचं सगळं इथंच संपलं. दुसरी आणायची म्हटली तर मिळत नाही गं कुठं."

"मग पराग आणायचे."

"कुणाचे?"

पंचक्रोशीत दुसरी चक्री एकच होती. भाचीनं फोनवर बोलता बोलता सांगितलंही होतं, सासूबाईंच्या झाडाला दांडा आलाय म्हणून.

"मागा की विहीणबाईंकडे," मी म्हटलं.

वन्संनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी त्यांना टक्कल करायला सांगितलं होतं. "मागू? ज्या झाडाला मी इतकी वर्षं माझं पिल्लू म्हणतेय, त्याचे पराग मागू? म्हणजे ते परकं आहे हे मीच कबूल केलं की."

"पण वन्सं, ते खरंच तुमचं पिल्लू असेल, तर त्याचे पराग लागणारच नाहीत ना? माळीबुवांनी सांगितलं होतं."

वन्संनी आरशात बघितलं, मग चक्रीकडे. मग हळूच त्यांच्या चेहऱ्यावर ते हसू आलं, जे बघून आमचे हे लहानपणी घरातून पळून जात असत.

"देवबाई, म्हणजे कोर्टात जायलाच नको. बी नाही धरलं तर ती चोर. सिद्ध!"

"आणि धरलं तर?"

"तर मला बी मिळालं."

असं ते ठरलं. मी जाणार नाही म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुला एक शब्द खोटा बोलायला लावणार नाही, शप्पथ." म्हणून मी गेले. आणि त्यांनी शब्द पाळला, हे मला सांगायलाच हवं.

मागचं दार विहीणबाईंनीच उघडलं. विहीणबाई म्हणजे मोठ्या हॉस्पिटलातून निवृत्त झालेल्या मेट्रन. उंच, काटक. त्यांनी नुसतं बघितलं तरी घरातली उशी सरळ बसते.

"आज इकडून कशा वाट चुकलात?"

"वाढदिवस ना तुमचा," वन्सं म्हणाल्या.

"तो गेल्या महिन्यात झाला."

"म्हणूनच. म्हटलं, गर्दी ओसरल्यावर जावं. भेट म्हणून फेशियल करणार आहे तुमचं. नाही म्हणायचं नाही."

"माझ्या चेहऱ्याला काय झालंय?"

"काही नाही. तेच तर दुखणं आहे. इतकी वर्षं त्याला कुणी हातच लावला नाही."

विहीणबाई नको नको म्हणाल्या, पण नको म्हणताना त्यांनी केसांतल्या पिना काढायला सुरुवात केली होती. आतल्या खोलीत दिवाणावर त्यांना झोपवलं. वन्संनी त्यांच्या कपाळावर बोटं फिरवली तसे त्यांचे खांदे सैल पडले. आयुष्यभर दुसऱ्यांना झोपवून ठेवलेली बाई, तिला कुणी कधी झोपवलं असेल? मला क्षणभर वाईट वाटलं. वन्संनाही वाटलं असावं, कारण मालीश त्यांनी अगदी मनापासून केलं, जराही घाई न करता. मग पॅक लावला, डोळ्यांवर काकडीच्या चकत्या ठेवल्या.

"आता हलायचं नाही, बोलायचं नाही, हसायचं नाही. भेग पडली तर सुरकुती तिथंच धरते."

"हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय?" पॅक वाळायच्या आत विहीणबाईंनी विचारून घेतलं.

"आमच्या. देवबाई, तू तुझी ती प्रार्थना म्हण बघू. मन शांत झालं की कातडी छान ओढून घेते."

आणि मला कळलं की माझ्या तोंडून एकही खोटा शब्द न काढता मला पहाऱ्यावर कसं बसवलंय ते. वन्सं पाय न वाजवता बाल्कनीकडे सरकल्या. मी देवाची मनोमन क्षमा मागितली आणि म्हणायला लागले. विहीणबाई शिस्तीच्या असल्या तरी देवाच्या बाबतीत मऊ होत्या. डोळ्यांवर चकत्या, तोंडावर वाळत चाललेला चिखल, अशा अवस्थेत त्यांनी छातीवर हात जोडले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाल्कनीचं दार कुरकुरलं.

"दा... वाजलं," विहीणबाई ओठ न हलवता म्हणाल्या.

मी आवाज चढवला.

"वाल्कनीचं."

मी आणखी चढवला. माझी प्रार्थना काही फार लांबलचक नाही. ती संपली. मी परत पहिल्यापासून सुरू केली. देव म्हणाला असेल, हे तर आत्ताच ऐकलं. काचेतून मला दिसत होतं, वन्सं विहीणबाईंच्या चक्रीवर वाकल्या होत्या आणि एकेका फुलात ब्रश फिरवून डबीत झटकत होत्या. एखाद्या नवरीच्या पापण्या रंगवाव्यात तसं तोंड करून. तेवढ्यात भाची सरबताचा ट्रे घेऊन आली. तिनं आईला बघितलं. मला बघितलं. तिसऱ्यांदा तीच प्रार्थना ऐकली. मग ट्रे टेबलावर ठेवला, पुढे झाली आणि बाल्कनीचा पडदा आवाज न करता ओढून घेतला. माहेरचं रक्त, दुसरं काय!

वन्सं परत आल्या तेव्हा त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर पिवळी पूड होती. ती मी पदरानं पुसली.

पॅक धुतल्यावर विहीणबाईंनी आरशात बघितलं. गालाला हात लावला, मान या बाजूला केली, त्या बाजूला केली. खरंच उजळल्या होत्या. सरबत पिता पिता त्या मऊ आवाजात म्हणाल्या, "तुमचीला फुलं आली का हो?"

"कुणाला?"

"चक्रीला. माझीला दांडा आलाय. दर खेपेला फुलते आणि नुसती गळते. दुसऱ्या झाडाचे पराग लागतात म्हणे. मी म्हणत होते..." त्या थांबल्या. त्या बाईला मागायची सवय नव्हती, ते दिसत होतं. "म्हणत होते, तुमचीचे थोडे मिळाले तर. चमचाभर सोडा, चिमूटसुद्धा नको, जरासे."

मी वन्संकडे बघितलं. पिशवी त्यांच्या मांडीवर होती आणि तिच्यावर त्यांचे दोन्ही हात.

"माझीचे पराग तुमच्या झाडाला कसे चालतील, विहीणबाई?" वन्सं म्हणाल्या. "पिल्लाला आईचे चालत नाहीत."

विहीणबाईंचा ग्लास खाली आला. चेहऱ्यावरचं सगळं फेशियल एका क्षणात उतरलं. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या, आणि उठून ट्रे उचलायला लागल्या, जो उचलायची काहीच गरज नव्हती.

परतीच्या वाटेवर टाकीपर्यंत वन्सं माझ्यापुढे तरातरा चालल्या. मग म्हणाल्या, "मी नाही म्हटलं, ते तत्त्व म्हणून."

"हो."

"हो काय हो? काहीतरी बोल."

"मी तीनदा प्रार्थना म्हटलीय वन्सं, माझा घसा बसलाय."

दुसऱ्या दिवशी पार्लरच्या दारावर बंदची पाटी लागली. वन्संनी चक्रीला खिडकीतून उचलून गिऱ्हाइकाच्या खुर्चीत ठेवली, मोठा दिवा ओढून घेतला, चष्मा चढवला. खालची फुलं आधी उमलतात, त्यांचे पराग आधीच झडून गेलेले असतात, आणि मग मधली बारीक काडी बाहेर डोकावते. तिच्या टोकाला ओलसरपणा आला की ती तयार. त्या टोकाला वन्संनी ब्रश टेकवला. "हं, मान वर. हलायचं नाही. झालंच." सगळं नेहमीच्याच बोलण्यात. एकेक फूल झालं की त्याच्या देठाला भुवयांचा दोरा सैलसा बांधायच्या, म्हणजे कुणाचं झालं आणि कुणाचं राहिलं ते कळावं. वरची फुलं उमलतील तशी पुढचे काही दिवस ही पार्लरबाई सकाळी आधी झाडाचं आवरायची, मग माणसांचं.

आणि मग वाट बघणं. वाट बघण्यासारखं वाईट काम नाही, त्यातून कशाची बघायची तेच माहीत नसलं तर विचारूच नका. मी रोज देवापुढे बसल्यावर वन्संसाठी मागणं मागायची, पण मागू काय? बी धरू दे म्हणावं तर वन्सं खोट्या पडणार. धरू नको म्हणावं तर चक्री जाणार. शेवटी म्हटलं, देवा, तुला बरं वाटेल ते कर, पण वन्संना जरा हळू सांग.

"तुम्हाला नक्की काय हवंय?" मी एकदा विचारलं.

"दोन्ही."

"दोन्ही कसं मिळेल?"

"तेच तर तुझ्या देवाला विचार."

फुलं सुकली. दर खेपेला सुकलेली फुलं देठासकट गळून पडत. या खेपेला दोरा बांधलेली गळेनात. वन्संनी फुंकर मारून बघितली, बोटानं हळूच हलवून बघितली. काही दिवसांनी सुकलेल्या पाकळ्यांच्या आत हिरवं काहीतरी दिसायला लागलं.

"वन्सं, फुगलंय."

"गॅस असेल."

"झाडाला?"

"का? झाडाला पोट नसतं?"

मग म्हणाल्या, वाऱ्यानं दुसरीकडून पराग आले असतील. मी विचारलं, कुठून, दुसरी आहे कुठं? मग म्हणाल्या, माळीबुवा म्हातारे होते, त्यांच्या सांगण्यात चूक असेल. मग एक दिवस त्यांनी कुंडीवर टॉवेल टाकून ठेवला, कारण बाकावरच्या बायका विचारायला लागल्या होत्या. "काय हो, तुमच्या पिल्लाचं काय झालं? लागला का निकाल?" पराग कसे मिळवले तेवढं गाळून या परीक्षेचं त्यांनीच तर खुर्चीत बसलेल्या प्रत्येक डोक्याला सांगून ठेवलं होतं, मोठ्या थाटात. आता प्रत्येक डोकं उत्तर मागत होतं.

टॉवेलाखाली बोंडं टरारत गेली आणि चक्री आटत गेली. खालची पानं कागदासारखी झाली. जिन्याच्या पायऱ्या एकेक करून मोडाव्यात तसा तिचा तो सुंदर फेर ढासळत गेला. जे होतं नव्हतं ते तिनं बोंडांत ओतलं. बोंडं वाळून तपकिरी झाली, त्यांना चीर गेली, आणि त्यातून पातळ पंखाच्या काळसर बिया निघाल्या. दोरा न बांधलेल्या एकाही फुलाला बी नव्हतं. त्या दिवशी वन्संनी बुंधा उचलून बघितला. तो हातात आला, आतून पोकळ. त्या रडल्या नाहीत. त्याच्यावरून हात फिरवून म्हणाल्या, "केलंस हो बाई तू सगळं."

बिया रुजवायची रीत माळीबुवांनी सांगितलेली होती, ती मातीत नाही, पाण्यात. वन्संनी ब्लीच कालवायच्या काचेच्या वाट्या उकळत्या पाण्यानं इतक्यांदा धुतल्या की त्यांच्यावरची नावं गेली. त्यात उकळून गार केलेलं पाणी घेतलं आणि वर बिया तरंगत सोडल्या. रोज पाणी बदलायचं. गिऱ्हाईक असलं तरी बदलायचं. एक बाई अर्धी भुवई झालेली तशीच बसून होती, मी बघितलंय. एका सकाळी एका बीला पांढरं टोक आलं. मग आणखी एकीला. नंतर हिरवी, केसाएवढी पाती. ती त्यांनी भुवयांच्या चिमट्यानं उचलून बारीक खडीच्या मातीत बसवली. आणि दोन-चार पानं येताच, अजून नखाएवढी रोपं ती, एक डावीकडे कलायला लागलं, शेजारचं उजवीकडे.

वन्सं बराच वेळ त्यांच्याकडे बघत बसल्या. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत, स्वतःच्याच आरशासमोर.

"ती चोर नाही," त्या म्हणाल्या.

"नाही."

"इतकी वर्षं मी तिला गावभर चोर म्हटलं."

"हो."

"जरा नाही तरी म्हण गं."

मी वाट्या आवरायला घेतल्या. मग त्या एकदम ताठ झाल्या. "पण मग ते पिल्लू नेलं कुणी? लग्नातला तो फोटोवाला! मला त्याच्या बघण्यावरूनच संशय होता. नाहीतर तुझा नवरा."

"आमचे हे?"

"लहानपणी माझ्या बाहुलीचे केस त्यानंच कापले होते."

मी हसले. त्यांना हसू आलं नाही. त्यांनी आरशातल्या स्वतःकडे बघून एक केस कपाळावरून मागे सारला. "पराग मागत होती ती. माझ्या मांडीवर होते तिचे, आणि मी तिला माझे नाही म्हटलं. ते तत्त्व नव्हतं देवबाई. ते मला तेव्हाच कळलं होतं."

त्या दिवशी त्यांनी गिऱ्हाइकं घेतली नाहीत. दुसऱ्या दिवशी घेतली, आणि खुर्चीत बसलेल्या पहिल्या बाईला, ओल्या डोक्यानं, विचारलं नसताना सांगितलं, "विहीणबाईंची चक्री नर्सरीतलीच हो. लांबून मागवलेली. पेरलेल्या बियांची." मग दुसरीला सांगितलं, मग तिसरीला. ज्या तोंडानं गावभर पसरवलं त्याच तोंडानं गोळा करायला निघाल्या. पण पसरवलेलं गोळा करणं म्हणजे कापलेले केस परत चिकटवणं. बायका म्हणायच्या, "असं होय?" आणि एकमेकींकडे बघायच्या.

विहीणबाईंना मात्र सांगायला त्या जाईनात. दोनदा पिशवी भरली, दोनदा रिकामी केली. एकदा बस स्टॉपपर्यंत जाऊन भाजी घेऊन परत आल्या.

शेवटी त्यांनी मला बोलावून घेतलं. टेबलावर पुठ्ठ्याचा खोका होता, आणि त्यात अर्धी रोपं. डावीकडे कलणारीही आणि उजवीकडे कलणारीही, सारखी वाटणी केलेली. प्रत्येकाच्या बुडाशी कापूस लावलेला, कुणी हलू नये म्हणून.

"हे विहीणबाईंकडे पोचव," त्या म्हणाल्या. "या वेळी बसनं जा. पुढच्या दारानं. त्यांना दिसू दे."

"आणि काय सांगू?"

"सांग, अर्धी त्यांचीच आहेत."

"ते कसं, असं विचारतील त्या."

"विचारू दे. तू खोटं बोलायचं नाहीस. पण सगळं एकदम सांगायचंही नाहीस." त्यांनी खोक्याची दोरी सोडली, परत बांधली, परत सोडली. "आणि हे बघ, देवबाई. त्यांची माफी माग. माझ्या वतीनं. नीट माग, मनापासून माग, तुझ्या देवापुढे मागतेस तशी. फक्त अशी माग, की मी मागितली हे त्यांना कळता कामा नये."